शिरोरेषा झाकून पाहा : देवनागरी अक्षराच्या अंगांची पहिली ओळख

बडोद्यात दांडिया बाजाराकडून रावपुऱ्याकडे चालत जाताना दुकानांवरच्या गुजराती पाट्या सावकाश वाचल्या, तर त्यांतली ग, न, म, प, र, स, त ही अक्षरे मराठी डोळ्याला सहज ओळखू येतात. फक्त त्यांच्या डोक्यावर रेघ नसते. क, ज, ख, फ यांसारख्या काही अक्षरांनी गुजरातीत वेगळीच वळणे घेतली आहेत, ती तूर्त बाजूला ठेवू. देवनागरी अक्षराची रचना समजून घेऊ पाहणाऱ्या नवशिक्याला त्या बिनरेघेच्या अक्षरांइतका चांगला धडा दुसरीकडे मिळणार नाही, असे माझे मत आहे. देवनागरी वाचताना आपली नजर शिरोरेषेवरून घसरत पुढे जाते आणि तिच्याखाली नेमके काय लटकले आहे हे पाहायचे राहून जाते. म्हणून या लेखातली पहिली कृती शिरोरेषा झाकण्याची आहे आणि पुढची बहुतेक कामे तिच्यावरच उभी आहेत.

हा लेख ज्यांना लग्नपत्रिका, गणेशोत्सवाचे फलक, शाळेची हस्तलिखिते किंवा मोबाईलवरची निमंत्रणे मराठीत करायची आहेत, पण अक्षरांच्या भागांची नावे ठाऊक नाहीत, अशांसाठी लिहिला आहे. आपल्याकडे असे बरेच जण घरी मराठी बोलतात, शाळेत मात्र गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेले असतात. त्यांनी स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण शिरोरेषेची सवय नसलेला डोळा या अभ्यासात दोन पावले पुढेच असतो.

साहित्य थोडे लागते. पेन्सिल, पट्टी, बटर पेपरचे चार-पाच ताव, लाल शाईचे पेन, आणि मिळाल्यास बोरू किंवा पाच मिलिमीटर रुंदीचे, चपट्या टोकाचे कट निब. संगणकावर एखादा सरळ, साधा देवनागरी फॉन्ट असावा. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा 'मुक्ता' हा फॉन्ट मोफत उपलब्ध आहे आणि त्यात जाडीच्या सात पायऱ्या आहेत. त्याचेच गुजराती भावंड 'मुक्ता वाणी' या नावाने मिळते. दोन्ही उतरवून घ्यावेत, कारण पुढे ते शेजारी शेजारी ठेवून पाहायचे आहेत.

पहिली पायरी : पाच रेषा आखणे

'मुक्ता'मध्ये 'वर्षी', 'कु' आणि 'मे' ही अक्षरे दोनशे पॉइंटांच्या आसपास मोठी करून कागदावर छापावीत आणि त्यांवर बटर पेपर ठेवून आडव्या रेषा आखाव्यात. पहिली रेषा शिरोरेषेच्या वरच्या कडेने जाते. दुसरी दंडाच्या, म्हणजे अक्षरातल्या उभ्या रेघेच्या, पायाशी येते, तिला तळरेषा म्हणू. या दोहोंमधला पट्टा हा अक्षराचा मुख्य देह होय. शिरोरेषेच्या वर, मात्रा जिथे संपते तिथे तिसरी रेषा आखावी. रफार (अक्षराच्या डोक्यावर चढणारा र) आणि वेलांटीचा माथा यांच्यासाठी चौथी रेषा लागते, कारण रफार बहुधा मात्रेपेक्षा थोडा उंच जातो. काही फॉन्टांत मात्र त्या दोन्ही रेषा एकच निघतात, तसे दिसल्यास गोंधळून जाऊ नये. पाचवी रेषा तळरेषेच्या खाली, उकाराच्या टोकाशी येते. या रेषांना वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगवेगळी नावे दिली आहेत आणि मुख्य देहाच्या आतही आणखी दोन रेषा मानण्याची पद्धत आहे, पण सुरुवातीला पाच पुरेशा आहेत.

रोमन लिपीची पुस्तके वाचून आलेल्यांना इथे एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात, तर देवनागरी अक्षरे वरच्या रेषेला टांगलेली असतात. त्यामुळे तळरेषा ही आपल्याकडे काहीशी सैल असते. 'ग', 'म', 'प' यांचे दंड तिच्यावर नीट टेकतात, पण 'ट', 'ठ', 'द', 'ह', 'र' यांची शरीरे आपापल्या सोयीने थोडी वर किंवा खाली थांबतात. शिरोरेषा मात्र ढळत नाही. मोडीत तर ओळ लिहिण्याआधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली जाई आणि मग अक्षरे तिला लटकवली जात. बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, आपण उलट करतो, आधी शब्द लिहितो आणि शेवटी त्यावर रेघ देतो. जुनी मोडी कागदपत्रे पाहण्याचा योग आला, तर मोडी वाचता येत नसली तरी ती अखंड रेघ एकदा पाहून घ्यावी.

दुसरी पायरी : शिरोरेषा झाकणे

आता प, व, म, घ, ध, भ, ट, क ही अक्षरे मोठी छापावीत आणि कागदाच्या पट्टीने फक्त शिरोरेषा झाकावी. 'प' वरून उघडा पडतो. 'व' मात्र बंदच राहतो. 'म'चा चौकोन छपराविना दिसू लागतो, तर 'क'चा डावा गोल तसाच्या तसा शाबूत असतो. याचा अर्थ असा की अक्षराच्या आतली रिकामी जागा, म्हणजे पोकळी, दोन प्रकारची असते. 'व', 'ब', 'क' यांची पोकळी त्यांच्या स्वतःच्या रेघांनी वेढलेली असते. 'प', 'ष', 'म', 'घ', 'य' यांची पोकळी शिरोरेषेकडून छप्पर उसने घेते. 'मुक्ता वाणी'तले गुजराती प आणि म शेजारी ठेवले, की ही उसनवारी न करता अक्षर कसे निभावते हेही दिसते.

हा फरक केवळ पाहून सोडून देण्याचा नाही. अक्षर जाड करत गेले, तर पोकळी आतून भरू लागते, आणि ज्यांचे छप्पर उसने आहे त्या अक्षरांत शिरोरेषाही जाड होऊन वरून जागा खाते. ठळक अक्षरातला 'ष' लहान आकारात डागासारखा का दिसतो, याचे उत्तर इथे आहे. त्याच्या पोटात आधीच एक तिरपी रेघ आहे.

झाकलेली पट्टी काढून आता 'घ' आणि 'ध', तसेच 'म' आणि 'भ' या जोड्या पाहाव्यात. 'ध' आणि 'भ' यांच्या डाव्या भागावर शिरोरेषा येत नाही. तिथे मोकळी जागा सोडलेली असते आणि त्या जागेत अक्षराचे वळलेले टोक असते. 'थ'चेही तसेच. 'घार' आणि 'धार', 'मात' आणि 'भात' यांतला अर्थाचा सगळा फरक त्या चिमुकल्या फटीवर आणि वळणावर अवलंबून आहे. हाताने लिहिताना घाईत रेघ सरसकट ओढणारे लोक धारेची घार करतात. फॉन्ट निवडताना मी सर्वांत आधी हीच फट पाहतो, आणि ती लहान आकारात बुजत असेल तर तो फॉन्ट मजकुरासाठी बाद करतो, मग तो मथळ्याला कितीही देखणा दिसो.

तिसरी पायरी : दंड कुठे आहे ते पाहणे

अक्षरांचे गट पाडण्याचा सर्वांत उपयोगी निकष म्हणजे उभा दंड. वर्णमाला समोर घेऊन लाल शाईने प्रत्येक अक्षराचा दंड गिरवावा. बहुतेक अक्षरांचा दंड उजव्या टोकाला असतो : ख, घ, च, ज, त, थ, ध, न, प, ब, भ, म, य, व, ष, स. 'ग', 'ण' आणि 'श' यांतही तो उजवीकडेच असतो, पण डाव्या भागाला चिकटत नाही, दोघांना फक्त शिरोरेषा जोडते. 'क' आणि 'फ' यांचा दंड मध्यभागी असतो आणि म्हणूनच ही दोन अक्षरे इतकी रुंद असतात. उरलेल्या ट, ठ, ड, ढ, द, छ, ह, र, ळ या अक्षरांना पूर्ण दंड नसतो. शिरोरेषेपासून एक आखूड रेघ खाली येते आणि तिथून शरीर सुरू होते. त्या आखूड रेघेला मान म्हणावे. 'ट', 'ठ', 'ड', 'ढ' यांच्या माना सारख्या लांबीच्या आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी फॉन्ट करणाऱ्याने किती काळजी घेतली आहे ते कळते.

हे वर्गीकरण पाठ करण्यापेक्षा जोडाक्षरांत वापरून पाहावे, कारण अर्धे अक्षर कसे होते हे दंडावरूनच ठरते. उजवीकडे दंड असलेले अक्षर अर्धे करताना दंड गळतो : 'न्याय'मधला न्, 'फत्तेगंज'मधला पहिला त्. मध्यभागी दंड असलेल्या 'क' आणि 'फ' यांचा दंड राहतो आणि उजवीकडचा आकडा आखडतो, जसे 'वाक्य'मध्ये. ज्यांना दंडच नाही त्यांच्याजवळ गाळण्यासारखे काही नसते, म्हणून त्यांचा पाय मोडावा लागतो किंवा पुढचे अक्षर त्यांच्या पोटाखाली बसवावे लागते : 'लठ्ठ', 'बुद्ध', 'गद्य'. एवढे लक्षात आले, की अपरिचित जोडाक्षर समोर आले तरी ते फोडून पाहता येते.

'र' या सगळ्या हिशेबाबाहेर आहे. त्याची चार रूपे वेगळी शिकावी लागतात. 'धर्म'मध्ये तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. 'प्रकाश'मध्ये तो तिरप्या रेघेच्या रूपाने दंडाला डावीकडून चिकटतो. 'ट्रक'मध्ये दंड नसल्यामुळे तो छोट्या टोपीसारखा खाली बसतो. चौथे रूप मराठीचे खास आहे आणि बडोदेकरांना ते 'रावपुऱ्यात' हा शब्द लिहिताना रोज लागते. तिथे रफार देऊन 'रावपुर्यात' असे लिहिले, तर उच्चारच बदलतो; 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा फरक त्या एका आडव्या फराट्यावर उभा आहे. टंकलेखनात हे रूप मिळवण्यासाठी नेहमीच्या 'र'ऐवजी खाली टिंब असलेला 'ऱ' घ्यावा, त्याचा पाय मोडावा आणि मग 'य' किंवा 'ह' लिहावा. 'कुऱ्हाड' आणि 'तऱ्हा' हे शब्दही असेच होतात.

चौथी पायरी : लेखणी हातात घेणे

गाठ, वाटी, शेपूट ही नावे पुस्तकातून शिकता येतात, पण रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक व्हावी हे बोरूनेच समजते. रोमन लिपी लिहिताना कट निबेचा जो कल असतो, त्याच्या उलट कल देवनागरीसाठी लागतो. निबेची धार वरच्या डाव्या कोपऱ्याकडून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे साधारण ४५ अंशांत धरून आधी नुसत्या चार रेघा ओढाव्यात. आडवी आणि उभी रेघ जवळपास सारख्या जाडीच्या येतील, म्हणून शिरोरेषा आणि दंड एकमेकांना शोभतात. उजवीकडून डावीकडे खाली येणारी तिरपी रेघ सर्वांत जाड येईल, तर डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ केसासारखी बारीक येईल. आता 'प्र' आणि 'ष' लिहून पाहा. 'प्र'ची तिरपी रेघ भरदार असते आणि 'ष'च्या पोटातली रेघ बारीक असते, यामागे कोणा कलाकाराची लहर नसून निबेचा कोन आहे. दंडाचे खालचे टोक तिरपे कापल्यासारखे का दिसते, तेही याच कोनातून येते.

यासाठी सुलेखनकार होण्याची गरज नाही. आठवडाभर रोज अर्धा तास क, ग, त, न, म, र, ह एवढी सात अक्षरे गिरवली तरी पुरे. 'न' आणि 'म' लिहिताना गाठ कुठे वळते हे बोटांना कळते. 'न'मध्ये गाठ आडव्या रेघेच्या डाव्या टोकाला लोंबते, तर 'म'मध्ये ती डाव्या उभ्या रेघेच्या पायाशी येते. गाठ भरीव असावी की पोकळ, हे लेखणीच्या रुंदीवर आणि अक्षराच्या उंचीवर ठरते. जाड लेखणीने लहान अक्षर लिहिले की गाठ आपोआप बुजून भरीव ठिपका होते, आणि अनेक ठळक फॉन्टांत ती तशीच ठेवलेली असते.

पाचवी पायरी : ल आणि श

मराठीच्या दृष्टीने ही पायरी महत्त्वाची आहे, आणि आपल्याकडे तीच सर्वांत जास्त गाळली जाते. हिंदीत रूढ असलेल्या 'ल'ला उजवीकडे पूर्ण दंड असतो. मराठीच्या 'ल'ला दोन पाकळ्या असतात. 'श'चेही दोन अवतार आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली काढलेल्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ही रूपे प्रमाण मानली. संगणकाच्या दृष्टीने मात्र दोन्ही ल एकच आहेत. युनिकोडमधल्या देवनागरीच्या १२८ जागांच्या पट्ट्यात 'ल'ला एकच जागा आहे आणि त्याचे रूप कोणते दाखवायचे हे फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत दोन्ही रूपे भरलेली असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमून दिली, की योग्य ते रूप बाहेर येते. भाषा 'हिंदी'वर राहिली असेल तर पाकळी दिसत नाही, आणि मग लोक फॉन्टाला दोष देतात. हा मजकूर वाचताना तुमच्या पडद्यावर कोणता 'ल' दिसतो आहे, ते एकदा पाहून घ्या. पत्रिका छपाईला देण्यापूर्वी भाषेची ती नेमणूक तपासणे, हे शुद्धलेखन तपासण्याइतकेच आवश्यक काम आहे.

सहावी पायरी : डोक्यावरचे आणि पायाखालचे

काना सोपा आहे, तो दुसरा दंडच. खरी परीक्षा ऱ्हस्व वेलांटीची असते. ती अक्षराच्या आधी लिहिली जाते, पण तिच्या कमानीचे टोक अक्षराच्या दंडापर्यंत पोहोचले पाहिजे. 'दिवस'मध्ये ते सहज जमते, पण 'स्थिती'मधल्या रुंद जोडाक्षरावर तीच कमान तोकडी पडते. चांगल्या फॉन्टात वेलांटीची वेगवेगळ्या रुंदीची रूपे असतात आणि जोडाक्षराच्या रुंदीनुसार ती बदलतात. साध्या फॉन्टात एकच वेलांटी सगळीकडे बसवलेली असते.

डोक्यावर सर्वांत गर्दी होते ती रफार आणि अनुस्वार एकत्र आले की. 'सर्वांना', 'वर्षांनी', 'कर्त्यांनीही' हे शब्द लहान आकारात छापून पाहावेत. टिंब रफाराच्या कुशीत स्वच्छ दिसले पाहिजे. पायाखाली उकाराचीही अशीच कसोटी आहे. 'रु' आणि 'रू' यांत तो पायाशी न जाता कमरेशी चिकटतो, हे नवशिक्यांच्या हस्ताक्षरात हमखास चुकते. 'उद्धृत' या शब्दात द, त्याखाली ध आणि त्याखाली ऋकार अशी तीन मजली रचना होते, आणि ओळींमधले अंतर कमी असेल तर ती खालच्या ओळीतल्या मात्रांवर जाऊन आदळते. म्हणून सलग मराठी मजकुराला अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ओळअंतर द्यावे. रोमन मजकुरासाठी ठरवलेले अंतर जसेच्या तसे ठेवणे, ही द्विभाषिक पत्रिकांतली नेहमीची चूक आहे.

दुसरी नेहमीची चूक मी स्वतः केलेली आहे. अनेक वर्षांपूर्वी एका मंडळाच्या फलकावर मथळा ऐसपैस दिसावा म्हणून मी अक्षरांमधले अंतर वाढवले. गुजराती ओळीत ते शोभलेही होते. मराठी ओळीत मात्र प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषा तुटली, आणि फलक चढल्यावर एका आजींनी खाली उभ्या राहून एकेक अक्षर सुटे वाचून दाखवले. देवनागरीत शब्द कुठे संपतो हे शिरोरेषेच्या तुटण्यावरून कळते, त्यामुळे ती शब्दाच्या मध्ये तुटणे म्हणजे शब्दच तुटणे. मथळा मोठा करायचा असेल तर अक्षर मोठे करावे किंवा मुळातच रुंद घडवलेला फॉन्ट घ्यावा. अक्षर आडवे ताणूही नये, कारण ताणल्याने उभे दंड जाड होतात, शिरोरेषा तेवढीच राहते आणि बोरूने जुळवून दिलेला तोल बिघडतो.

सातवी पायरी : शहराच्या नावांवर फॉन्ट तपासणे

फॉन्ट निवडताना वर्णमाला पाहून काही कळत नाही. अडचणीचे शब्द लिहून पाहावे लागतात. सुदैवाने बडोद्याच्या ठिकाणांत असे शब्द पुरेसे आहेत. 'विश्वामित्री'त श्व, त्र, ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी एकाच शब्दात सापडतात. 'लक्ष्मी विलास'मध्ये क्ष्म कसा बसतो आणि ल कोणता येतो ते दिसते. 'दांडिया'त अनुस्वार आणि वेलांटी शेजारी येतात, 'निझामपुरा' मराठी वळणाचा झ तपासतो, 'खंडेराव'मधला ख हा 'रव' असा वाचला जात नाही ना हे पाहता येते. जुन्या वळणाच्या ख चे पाय सुटे असत, त्यामुळे 'खाना' आणि 'रवाना' यांची गल्लत होई. आता बहुतेक फॉन्टांत तो खालून जोडलेला असतो. 'रावपुऱ्यातल्या' हा शब्द तर यादीत हवाच.

हे सहा शब्द निवडक तीन-चार फॉन्टांत, एकदा मथळ्याच्या आणि एकदा मजकुराच्या आकारात छापावेत. त्यांत र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' जरूर घ्यावा, कारण तो बराच काळ विंडोजच्या संगणकांवर आधीपासून येत असे आणि तुलनेला सोयीचा पडतो. मग कागद भिंतीवर लावून सहा फूट मागे जावे आणि कोणत्या शब्दात फट, टिंब किंवा गाठ आधी नाहीशी होते ते पेन्सिलीने कडेला लिहून ठेवावे. पुढच्या वेळी लग्नपत्रिकेचे काम आले, की फॉन्टांच्या लांबलचक यादीकडे न जाता आधी तो कागद काढावा.